आईच्या पासपोर्टातली मुलगी

स्वप्नाली गेल्यापासून सुदेश नेरूरकर सगळ्यालाच 'बरं' म्हणायला लागला होता. मॅनेजरने सांगितलं, या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, साइटवर जावं लागेल, तर बरं. किराणावाला म्हणाला, नेहमीचा तांदूळ संपलाय, हा घेऊन जा, तर बरं. ऑफिसातली माणसं आपसात म्हणायची, काय सोशीक माणूस आहे हो. कसला डोंबलाचा सोशीक. सोसायचं तर आधी दुखावं लागतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल आपला असून आपला राहत नाही ना, तसा हा माणूस अख्खाच्या अख्खा झाला होता.

साल पंच्याण्णव. सुदेश देऱ्यातल्या एका एसी कंपनीत ड्राफ्ट्समन होता, डक्टिंगची ड्रॉइंगं काढायचा, आणि राहायला खाडीच्या अलीकडे बर दुबईत, मीना बाजाराच्या मागच्या गल्लीत. बिल्डिंग 'ओन्ली फॅमिली'. त्या मुलखात माणसांच्या दोनच जाती, फॅमिली आणि बॅचलर. बायको गावाला ठेवून आलेला चार पोरांचा बापसुद्धा तिथे बॅचलरच. मग बायको वारलेला, आठ वर्षांच्या एका मुलीचा बाप नक्की कशात मोडतो, हा प्रश्न वॉचमनच्या मनात घोळत होता. पण दुखवट्याच्या घरी असलं विचारायचं कसं, म्हणून बिचारा गप्प होता. समिधा घरात होती तोवर सुदेश फॅमिली होता, एवढं खरं.

स्वप्नाली गेली ती सकाळी, डबे भरता भरता. डोकं ठणकतंय म्हणाली, ओट्याला धरून खाली बसली, ती उठलीच नाही. हॉस्पिटलात सांगितलं, मेंदूत रक्तस्राव झाला. समिधा तेव्हा युनिफॉर्म घालून दारात उभी होती, स्कूलबस खाली हॉर्न मारत होती.

आता इथे एक चूक सांगून टाकली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच निघालं. समिधाचा जन्म कुडाळचा, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. तिला दुबईला आणायची वेळ आली तेव्हा एजंटने विचारलं, पोरीचा वेगळा पासपोर्ट काढायचा की आईच्याच पासपोर्टात नाव चढवायचं. तेव्हा दोन्ही चालायचं. सुदेश म्हणाला, "वेगळा कशाला? लेकरू आईला सोडून कुठे जाणार आहे?" सगळ्यांना पटलं. गल्फला बिऱ्हाड नेणारे कितीतरी जण असंच करायचे. एक पासपोर्ट, एक व्हिसा, कटकट कमी. आणि म्हणणं बरोबरच होतं की, लेकरू आईला सोडून जात नाही. आई लेकराला सोडून जाईल, हे मात्र कोणाच्या टाळक्यात आलं नव्हतं.

मृत्यूची नोंद झाली तसा स्वप्नालीचा पासपोर्ट रद्द झाला. रिवाजाप्रमाणे त्याचा कोपरा कापून तो सुदेशच्या हातात परत दिला. आईबरोबर मुलगीही त्यातून रद्द झाली. समिधाचं नाव आता कुठल्याच चालू पासपोर्टात नव्हतं. त्यामुळे सुदेशला स्वप्नालीला गावी नेता आलं नाही. न्यायचं तर पोरीला मागे ठेवायचं, आणि आई गेलेल्या पोरीला तशी कोणाच्या दारात ठेवायची? मग इथेच अग्नी दिला. माहेरच्या माणसांना तिचं तोंडही बघायला मिळालं नाही.

अस्थी घेऊन समुद्रावर गेले तेव्हा बरोबर रफिक होता. रफिक हा कंपनीचा पीआरओ, म्हणजे सगळ्यांचे व्हिसे, पासपोर्ट, सरकारी कागद घेऊन खिडक्या-खिडक्यांतून फिरणारा माणूस. मूळचा राजापूरचा. तो म्हणाला, "सुदेशभाऊ, मनाला लावून घेऊ नको. समुद्र तोच आहे. पल्याड आपलं कोकणच." सुदेश म्हणाला, "बरं." रफिकने त्याच्याकडे नीट बघितलं.

दर शुक्रवारी सकाळी कुडाळहून प्रमिलाचा फोन यायचा. प्रमिला ही स्वप्नालीची थोरली बहीण. धाकटीचं तोंड न बघितल्याचा सल तिच्या आवाजात असायचा, पण बाई मनाची वाईट नव्हती. "भावोजी, पोरीला इकडे पाठवा," ती म्हणायची. "तुम्ही दिवसभर ऑफिसात. उद्या ती शहाणी होईल, तेव्हा तिला चार गोष्टी सांगायला कोण आहे तिथे? माझ्याकडे आजी आहे, विहीर आहे, शाळा हाकेच्या अंतरावर. पोटच्या पोरीसारखी बघीन." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. सुदेश पहिल्या फोनला बरं म्हणाला, दुसऱ्याला बरं म्हणाला, आणि तिसऱ्या फोनला प्रमिला म्हणाली, "मग ठरलं." अशा रीतीने ते ठरलं. समिधाला सांगायचं राहिलं होतं. फोन हॉलमध्ये होता, आणि समिधा बहुतेक वेळा तिथेच जमिनीवर पालथी पडून चित्रं रंगवत असायची. पण सुदेशला वाटायचं, तिचं लक्ष नाही.

रफिकने त्याला ऑफिसच्या चहाच्या टेबलाशी बसवून सगळं समजावलं. "हे बघ, रस्ते दोन. एक, पोरीचा वेगळा पासपोर्ट. तो झाला की तिला गावाला जाणाऱ्या कोणा ओळखीच्या बाईबरोबर विमानात बसवता येईल. दुसरा, तुझ्याच पासपोर्टात नाव चढवायचं, जसं वहिनीच्यात होतं. मग व्हिसाही तुझ्यावर येईल, पोर इथे राहील. पण मग ती तुझ्याशिवाय कुठे हलणार नाही, आणि तिला सोडून तू कायमचा हलायचा नाहीस. कुठला करू?"

"पाठवायचं ठरलंय," सुदेश म्हणाला.

"कोणी ठरवलं?"

"प्रमिलाताई म्हणाल्या."

"त्या म्हणाल्या, मी ऐकलं. तू काय म्हणतोस?"

"वेगळाच कर," सुदेश म्हणाला. त्याच संध्याकाळी रफिकने त्याला देऱ्यात नेऊन एक खोली दाखवली, कारण पोर गेली की फॅमिली बिल्डिंगीतला मुक्काम खलास. खोलीत दोन मजली खाटा होत्या, दोरीवर लुंग्या, कोपऱ्यात स्टोव्ह. खिडकीजवळची वरची खाट रिकामी होणार होती. खोलीतला म्होरक्या म्हणाला, इन्शाल्ला पुढच्या महिन्यात देतो. सुदेशने खाटेवर हात ठेवून बघितला, हालते का ते. हलत नव्हती. तो म्हणाला, बरं.

त्यांच्याच बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर नुआला नावाची बाई राहायची. आयर्लंडची. पन्नाशीची, एकटी, एका इंग्लिश शाळेत शिकवायची. गोऱ्या माणसांनी जुमेराला बंगल्यात राहायचं, ते सोडून ही इथे कापडवाल्यांच्या गर्दीत का राहते, हे अख्ख्या बिल्डिंगला न सुटलेलं कोडं. स्वप्नालीने ते चुटकीसरशी सोडवलं होतं: "तिला शेजार लागतो." दोघींचं मेतकूट जमलं होतं. स्वप्नाली तिच्या पडद्यांना शिवण घालून द्यायची, आंबोळ्या खायला घालायची. स्वप्नाली गेली त्या दिवशी स्कूलबसला परत पाठवून समिधाला वर नेलं ते नुआलानेच. तेव्हापासून शाळा सुटली की समिधा तिच्याकडे जायची आणि सुदेश आला की खाली यायची. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, सुदेशला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शुक्रवारी नुआलाच्या हॉलमध्ये शाळा भरायची. दुबईत कामाला आलेल्या आयरिश लोकांची चार-सहा पोरं यायची, आयरिश शिकायला. आयरिश म्हणजे त्यांची जुनी, स्वतःची भाषा, इंग्रजी नव्हे. फार थोड्या घरांत बोलतात म्हणे, पण परत गेल्यावर शाळेत तो विषय असतोच, म्हणून आईबाप पोरांना हिच्याकडे धाडायचे. समिधाचा तिथे काय संबंध? काही नाही. पण प्रमिलाचा फोन झाला की ती चपला घालून वर जायची आणि त्या पोरांच्या मागे जाऊन बसायची. नुआलाने तिला ऊठ म्हटलं नाही.

त्या महिन्यात धडा चालला होता देशोदेशींच्या माणसांचा. नुआलाने पुठ्ठ्याची कार्डं केली होती, प्रत्येकावर एक झेंडा आणि एक माणूस. एरिनख म्हणजे आयरिश माणूस. ससनख म्हणजे इंग्रज. इंदियख म्हणजे आपण. शेवटचा ख घसा खाकरल्यासारखा काढायचा. माणूस एक असला की शेवटी ख, अनेक झाले की तो ख विरून जातो आणि ई होते: एरिनी, ससनी, इंदियी. बाई असो की बाप्या, शब्द तोच.

समिधा हे सगळं जेवताना सांगायची. दुबईत वाढलेली पोरं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतात, तशीच तीही. "बाबा, यू नो, फ्रेंच माणसाला फ्रांकख म्हणतात. अँड यू नो व्हॉट दे कॉल अ रॅट? सेम! फ्रांकख!"

"बरं," सुदेश म्हणाला.

"इट्स फनी, बाबा."

"हो. बरं."

पोरीने त्याच्या वाटीत बघितलं. मग म्हणाली, "देअर इज नो सॉल्ट इन द आमटी." सुदेशची वाटी अर्धी संपली होती. त्याने चमचाभर अजून खाल्ली आणि चव घेऊन बघितली. खरंच मीठ नव्हतं. मग त्याला आठवलं की कालच्या आमटीतही त्याने मीठ घातलं नव्हतं, आणि काल पोर काही न बोलता जेवून उठली होती.

पासपोर्टसाठी कॉन्सुलेटमध्ये जायचा दिवस ठरला, त्याच्या आधीच्या शुक्रवारी नुआलाने निरोप धाडला, आज तुम्हीच वर या, चहाला. सुदेश गेला तेव्हा वर्ग संपत आला होता. तो दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. पोरं गालिच्यावर गोल बसली होती आणि माणसं मोजायचं चाललं होतं. नुआला बोलायची इंग्रजीतच, आपण मराठीत सांगतोय एवढंच. ती म्हणत होती, आपल्या भाषेत वस्तू मोजायचे शब्द वेगळे आणि माणसं मोजायचे वेगळे. दोन माणसं असली तर म्हणायचं बेर्ट. तीन असली तर त्र्यूर.

समिधाने हात वर केला. "लाइक अवर्स," ती म्हणाली. "वी हॅव दोन, बट फॉर पीपल इट्स दोघं. अँड तिघं. माय आई सेज, तीन इज फॉर प्लेट्स."

सुदेशला आठवलं. मागच्या थंडीतली गोष्ट. तिघं आब्र्यात, म्हणजे खाडी ओलांडायच्या त्या लाकडी होडीत चढत होती. नावाड्याने हिंदीत विचारलं, कितने? समिधा ऐटीत म्हणाली, "आम्ही तीन." स्वप्नाली म्हणाली होती, "तीन काय गं? ताटं आहोत का आपण? माणसांना तिघं म्हणतात. गावाला गेल्यावर मावशी हसेल तुला." हे सगळं त्याला आठवलं, नावाड्याचा रुमाल कुठल्या रंगाचा होता ते देखील आठवलं. पण आठवून आत काही हललं नाही, आणि आपलं आत काही हलत नाही याची त्याला तेवढ्यापुरती भीती वाटली.

नुआला समिधाला म्हणाली, अगदी बरोबर, आणि तुझ्या आईचं म्हणणं लक्षात ठेव. मग तिने पोरांना सांगितलं, आणखी एक गंमत. नुसता घोळका असला की इंदियी. पण दोघं, तिघं असं मोजून घेतलं की शब्द फिरून एकट्याचाच होतो: बेर्ट इंदियख. सगळ्या पोरांनी एका सुरात म्हटलं, बेर्ट इंदियख. बापरे, काय ते खाकरणं.

वर्ग सुटला. पोरं बूट घालत होती. त्यातला ओवेन नावाचा एक लाल केसांचा पोरगा सुट्टीत घरी निघाला होता, त्याने खिशातून पासपोर्ट काढून सगळ्यांना मिरवला. त्यावर सोनेरी वीणेसारखं एक वाद्य होतं. "माझ्यावर हार्प आहे," तो म्हणाला. "तुझ्यावर काय आहे?"

"आय डोंट हॅव वन," समिधा म्हणाली. "आय वॉज इन माय आईज. दे कट इट."

बस चुकली असं सांगावं तसं तिने सांगितलं. ओवेनला काही समजलं नाही. तो बरं म्हणाल्यासारखी मान हलवून आईबरोबर निघून गेला. समिधा गालिच्यावरची कार्डं गोळा करायला लागली.

नुआलाने सुदेशच्या हातात कप दिला, समिधाला कार्डं आतल्या खोलीत ठेवायला पाठवलं, आणि सोफ्यामागे हात घालून एक बॅग बाहेर काढली. समिधाची जुनी शाळेची बॅग. चेन उघडून तिने ती त्याच्या पुढ्यात ठेवली. आत दोन फ्रॉक घडी करून ठेवलेले, चड्ड्या, टूथब्रश, स्वप्नालीचा दात तुटलेला कंगवा, आणि इंदियखचं कार्ड.

"मावशीच्या तिसऱ्या फोनच्या दिवशी ती हे घेऊन आली," नुआला हळू आवाजात म्हणाली. "मी विचारलं, घरी का नाही ठेवत? म्हणाली, घरी ठेवली तर बाबांना दिसेल आणि मग त्यांना बोलावं लागेल. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. मी सांगतेय."

सुदेशने कंगव्याकडे बघितलं. कंगव्यात एक लांब केस अडकलेला होता. "बरं," तो म्हणाला.

नुआलाने कप खाली ठेवला. "सुदेश, हा शब्द आता मलासुद्धा कळायला लागलाय. हे उत्तर नाही. तिला पाठवा किंवा ठेवा, तुमची मुलगी आहे, मी कोण सांगणार? पण पाठवायचं तर तुम्ही पाठवा. हे असं आपोआप नको."

घरी आल्यावर सुदेशने पोरीला समोर बसवलं. काय बोलायचं ते त्याने जिन्यातच जुळवून ठेवलं होतं. "समिधा, तुला कुडाळला प्रमिलामावशीकडे राहायला जायचंय. तिथे शाळा आहे. आजी आहे. सुट्टीत मी येईन. चालेल ना?"

त्याला वाटलं, रडेल. का म्हणून विचारेल. इंग्रजीत भांडेल, आय डोंट वॉन्ट टू म्हणेल. त्याची त्याने तयारी केली होती, समजुतीची वाक्यं तयार होती. समिधा त्याच्या शर्टाच्या बटनाकडे बघत होती.

"बरं," ती म्हणाली.

चक्क मराठीत. त्याच्याच आवाजात, त्याच्याच सपाट सुरात. मग उठून ती चित्राची वही घ्यायला गेली. सुदेश तिथेच बसून राहिला. आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडून कसा वाटतो ते त्याला पहिल्यांदा ऐकू आलं होतं. रिकाम्या घरात हाक मारावी आणि आपलीच हाक परत यावी, तसं. पण एवढं होऊनही त्याने फोन उचलून प्रमिलाला काही कळवलं नाही. कळवायला काय होतं? सगळं ठरलेलंच होतं. माणूस थिजला की नुसतं कानात शिरून भागत नाही, ते खाली उतरायला वेळ लागतो.

कॉन्सुलेटला रफिक आधीच येऊन रांगेत उभा होता, काखेत फाईल. सुदेश समिधाला घेऊन आला. ती निळा फ्रॉक घालून आली होती, केस तिचे तिनेच विंचरले होते, भांग वाकडा गेला होता. तिने त्याचा हात धरला नव्हता, शेजारी उभी होती. रांग खिडकीशी पोचली तसा आतला माणूस कागद चाळून हिंदीत म्हणाला, "माँ का पासपोर्ट कॅन्सल है. बच्ची का अलग बनाना है, या आपके में चढ़ाना है?"

सुदेशच्या तोंडात 'अलग' तयार होता. ओठ उघडले होते.

"व्हॉट इज अलग?" समिधाने विचारलं. त्याला नव्हे, रफिकला.

रफिक जरा अडखळला. मग खाली वाकून म्हणाला, "म्हणजे बेटा, तुझं स्वतःचं पुस्तक. त्यात फक्त तू."

"अँड इन बाबाज बुक?"

"त्यात फक्त बाबा."

समिधाने थोडा विचार केला, आणि कोणाला दोष न देता, शाळेतलं गणित सांगावं तसं म्हणाली, "देन नोबडी इज इन विथ एनीबडी."

खिडकीतला माणूस थांबला होता. मागच्या माणसाने घसा खाकरला. सुदेशला त्या कापलेल्या कोपऱ्याचा पासपोर्ट दिसत होता, कागदांच्या वर ठेवलेला. त्यात स्वप्नालीच्या नावाच्या पुढच्या पानावर समिधाचं नाव होतं. आईला सोडून लेकरू कुठे जाणार आहे, असं तो स्वतःच म्हणाला होता. आठ वर्षांत त्याने एवढी एकच गोष्ट पोरीसाठी ठरवली होती, आणि आता दुसरी ठरवायची वेळ आली तर ती प्रमिलाताईंनी ठरवली होती. त्याची त्याला लाज वाटली. खरीखुरी, कान गरम करणारी लाज. कित्येक दिवसांत त्याला काही वाटलं असेल तर ते हेच.

"मेरे में चढ़ाइए," तो म्हणाला.

"सोच लीजिए. फिर बच्ची अकेली ट्रॅव्हल नहीं कर पाएगी."

"माहीत आहे," सुदेश मराठीतच म्हणाला. आतल्या माणसाला ते कळलं.

"पण फॉर्म हा वेगळ्या पासपोर्टचा आहे," सुदेश रफिककडे वळून म्हणाला. "आता परत यावं लागेल का?"

रफिकने फाईल उघडली, खालून दुसरा फॉर्म काढला. सगळा भरलेला, फोटो चिकटवलेला, फक्त सहीची जागा कोरी. "एवढी वर्षं या खिडक्या झिजवतोय, भाऊ," तो म्हणाला. "माणूस कुठल्या खिडकीशी काय बोलेल याचा नेम नसतो. मी कायम दोन्ही भरून आणतो. यल्ला, चल, सही कर."

सुदेशने सही केली. सही पासपोर्टातल्या सहीसारखी आली नाही, ती पुन्हा करावी लागली. पेनाचं टोपण समिधाने हातात धरून ठेवलं होतं.

बाहेर पडल्यावर रफिक ऑफिसला गेला. सुदेशने टेलिफोन बूथवरून कुडाळला फोन लावला. प्रमिला चिडली, मग रडली, मग म्हणाली, पोरीला काही कमी पडलं तर गाठ माझ्याशी आहे. सुदेश बरं म्हणाला नाही. तो म्हणाला, "ताई, या सुट्टीत दोघं येतो. तुम्ही तिला जे सांगायचं ते सांगा. आणि आमटी कशी करायची ते मला सांगा." पलीकडे प्रमिलाने फोडणीपासून सांगायला सुरुवात केली. बूथमधल्या मशीनवर पैशांचे आकडे पळत होते, पळू देत.

मग देऱ्याला जायचं होतं, त्या खोलीतल्या माणसाला सांगायला की खाट नको. आब्र्याच्या धक्क्यावर नेहमीची गर्दी होती. गाठोडी घेतलेले हमाल, ऑफिसची माणसं, पिशव्या. दोघं फळीवरून होडीत उतरली आणि मधल्या बाकावर बसली. ऊन पाण्यावरून डोळ्यांत येत होतं. नावाडी पुढून पैसे गोळा करत करत यांच्यापाशी आला आणि बोटं नाचवून विचारलं, कितने?

सुदेश खिशात हात घालत होता. समिधाने त्याच्या आधी सांगितलं.

"दोघं," ती म्हणाली.

नावाडी कुठला तरी परमुलखातला, त्याला काय समजणार? त्याने पुन्हा विचारलं. पोरगी पुन्हा तेच म्हणाली, जरा मोठ्याने, आणि आपलं बरोबर आहे ना हे बघायला बापाकडे बघितलं. सुदेश नावाड्याला 'दो' म्हणून सांगणार होता. स्वप्नाली गेली होती. मागच्या थंडीत याच बाकावर ती होती आणि आता नव्हती, आणि पुढच्या थंडीतही नसणार होती. हे त्याला आज, या होडीत, नावाडी पैशांसाठी हात पुढे करून उभा असताना कळलं. कळलं आणि दुखलं. सुई उतरल्यावर ठणका जसा एकदम सगळीकडून सुरू होतो, तसं दुखलं. त्याने दोन बोटं वर केली, पैसे दिले, आणि तिथेच तोंडावर हात न घेता रडायला लागला.

समोरचे हमाल बघायला लागले. एकाने नजर वळवली, दुसऱ्याने आपलं गाठोडं उगाच सरळ केलं. समिधा आधी घाबरली, मग सरकून त्याच्या अगदी जवळ बसली आणि त्याच्या शर्टाची बाही धरली. तिचेही डोळे भरून आले होते, पण तिला लोकांची लाज वाटत होती.

"बाबा," ती कानाशी म्हणाली, "पीपल आर लुकिंग."

"बघू देत," सुदेश म्हणाला.